रायफलचा नवा दस्ता

टेंडर क्रीक, माँटाना
१८ जून २०२३

रॉइस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते तसंच कचऱ्यात टाकशील, म्हणून मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'फक्त स्क्रूबद्दल' असं लिहिलं आहे. फोडलं असशील तर वाच. मी भांडायला लिहीत नाही.

ब्रिनला सोडतीत एल्क हरणाच्या शिकारीचं परमिट लागलं. तुझी लेक आहे, तुला आधी कळलं असेलच. नऊ वर्षं अर्ज करत होती. मला तिचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग म्हणाली, "आत्या, आजोबांची रायफल अजून तुझ्याकडेच आहे ना?"

मी म्हटलं, आहे, पण लाकडी दस्ता चिरलाय.

"मग दस्ता बदल ना. हल्ली कार्बन-फायबरचे तयार मिळतात."

असं म्हणाली, जणू उशीचा अभ्राच बदलायचाय! वर पुन्हा अट घातली. बाबांच्या रायफलमधून गोळ्या काढायच्या तर एकेक गोळी बोल्टच्या दांड्यानं नळीत ढकलायची आणि बाहेर ओढायची. ब्रिन म्हणाली, "तसल्या रायफलला मी हात लावणार नाही. खालून मॅगझिन काढलं की सगळ्या गोळ्या एकदम हातात यायला हव्यात. का, ते तुला माहीत आहे."

मला माहीत आहे.

तर मी दस्ता मागवला. शेवाळी रंगाचा आहे. टिचकी मारली की प्लास्टिकच्या बादलीसारखा वाजतो. बाबांनी अक्रोडाचं लाकूड दोन हिवाळे तासलं होतं, त्या जागी आता ही बादली. सुट्या मॅगझिनचं सामान दुसऱ्या कंपनीकडून आलं: एक लोखंडी चौकट, तिलाच जोडलेली चापाची कडी, मॅगझिन धरून ठेवणारी एक खिटी आणि एक मॅगझिन. सोबतच्या कागदावर चार ओळी. शेवटची ओळ अशी : 'बसवताना थोडी घासाघीस लागू शकते.' थोडी! ती चौकट दस्त्याच्या खाचेत जायलाच तयार नाही. पुढून अडते, मागून अडते, आणि जोर लावला की माझ्याकडे बघून दात काढते.

माझा प्रश्न असा. जुने स्क्रू दोन. सामानाबरोबर दोन नवे आलेत, एक आखूड आणि एक लांब. पुढे कुठला लावायचा?

ग्लेन ऑस्टबीकडे का देत नाहीस, असं तू विचारशील. एकतर तो नाताळपर्यंत हात लावणार नाही. दुसरं म्हणजे, ती रायफल त्याच्या बंदुकांच्या दुकानात गेली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोऱ्यात बोभाटा होईल. त्या दिवसाच्या गोष्टी पुन्हा उकरलेल्या मला नकोत. तुलाही नको असतील.

कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

आर्डिस

◆

६ जुलै

रॉइस,

कार्ड मिळालं. मी ते मोठ्यानं वाचलं, कारण मला वाटलं मनात वाचताना माझ्याकडून काही सुटलं.

'पुढचा आखूड. लांब लावला तर बोल्ट अडेल. फायबर घासताना तोंडाला मास्क लाव.'

अकरा वर्षांनंतर तीन वाक्यं. माझं नाव नाही, तुझी सही नाही, 'पाय बरा आहे' नाही की 'खड्ड्यात जा' नाही. स्पोकेनमध्ये कार्डावर शब्दामागे दंड भरावा लागतो का? आई म्हणायची, रॉइस तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही कारण त्याच्या वाटचं आर्डिसच बोलत होती. त्याचा सूड आता उगवतोयस वाटतं.

मास्क लावला होता. पण हाताला लावायचं तू लिहिलं नव्हतंस. बाह्या वर करून दोन तास कानस चालवली. ती धूळ बारीक काचेसारखी कातडीत शिरते. तीन दिवस कोपरापासून मनगटापर्यंत खाजवतेय. शेजारच्या लुसिलला वाटलं मला नायटा झालाय. तिनं घोड्याला लावायचं मलम आणून दिलं.

चौकट आता खाचेत शिरते, पण पूर्ण बसत नाही. नेमकी कुठे अडते ते दिसत नाही. आत बघायला जागाच नाही.

तुला यातलं सगळं येतं. डोळे मिटून केलं असतंस. मला येत नाही. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली; मला गिअर कळतो, बर्फ कळतो, मागच्या बाकावर कोण कुणाला चिमटा काढतंय ते पुढे बघून कळतं. हे कळत नाही. जरा सविस्तर लिही. शाईला काय झालंय?

आर्डिस

◆

२९ जुलै

रॉइस,

या वेळी पाच वाक्यं आणि एक चित्र. प्रगती आहे.

लिपस्टिकची युक्ती चालली. चौकटीला लिपस्टिक फासायची, खाचेत दाबायची, काढायची, आणि दस्त्यात जिथे लाल डाग उमटेल तिथेच घासायचं. ही तुला कुठून सुचली ते मी विचारत नाही. माझ्याकडे एकच होती, तुझ्या जोआननं लग्नानंतरच्या एका नाताळला दिलेली. मी कधी लावली नाही. त्या रंगात मी मेलेल्या बाईसारखी दिसते. आता संपत आली. तिला सांग, उपयोगी पडली.

चौकट बसली. मी स्वतःला बक्षीस म्हणून रानातल्या हकलबेरींचा केक भाजून खाल्ला. मग मॅगझिनमध्ये कवायतीच्या चार गोळ्या भरल्या, त्या बिनदारूच्या असतात त्या, मॅगझिन खालून खटकन लावलं, बोल्ट पुढे ढकलला. तो गोळ्यांच्या डोक्यावरून सुखानं पुढे गेला आणि एकही गोळी न उचलता बंद झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मॅगझिन खाली बसतंय, बोल्ट वरून जातोय, दोघांची ओळखच नाही.

मी मॅगझिनवाल्यांना फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. म्हणाली, "मॅडम, आमचं माप बरोबर असतं. तुमचा दस्ता आमचा नाही." मग दस्तेवाल्यांना लावला. तिथे एक पोरगेला आवाज. म्हणाला, "मॅडम, आमची खाच बरोबर असते. तुमचं मॅगझिन आमचं नाही." मी म्हटलं, "बाळा, रायफल माझी आहे, ती कुणाचीच नाही असं नाही ना?" तो म्हणाला, अजून कशात मदत करू का? अजून! म्हणजे आत्तापर्यंत केली असं त्याचं मत.

आणखी एक. सांगणार नव्हते. शनिवारी पर्लच्या हॉटेलात नाश्त्याला गेले होते. लुसिलनं तोंड उघडलं असणार, कारण ग्लेन ऑस्टबी पॅनकेकची ताटली घेऊन माझ्याच टेबलाशी आला. "ऐकलं तू जुनी रायफल पुन्हा उभी करतेयस. तीच ना, जिचा चाप रॉइसनं बिघडवला होता? आधी तो चाप काढून फेक बाई. सेफ्टीची कळ सरकवली की उडणारी रायफल लेकराच्या हातात देऊ नकोस."

मी म्हटलं, बघते.

'बघते' म्हणाले फक्त. कॉफी पिऊन घरी आले.

मॅगझिन वर कसं आणायचं ते लिही.

आर्डिस

◆

२० ऑगस्ट

रॉइस,

आधी वाईट बातमी. मग आणखी वाईट.

तू लिहिलंस तसं केलं. खाच केसभर खोल, चौकट केसभर वर, पुन्हा केसभर. तुझे केस कसे आहेत देव जाणे, माझ्या केसानं मला नऊ दिवस लागले. पण बोल्ट आता गोळी उचलतो. चारच्या चार उचलतो. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग तू म्हणालास की आतून फोम भरलेल्या दस्त्यात रायफल हलू नये म्हणून खाली इपॉक्सी गोंदाचा थर द्यायचा, आणि लोखंडाला आधी मेण चोपडायचं, म्हणजे ते चिकटणार नाही. मी चोपडलं. सगळीकडे चोपडलं. फक्त मागच्या बाजूला, जिथे शेपटीसारखी पट्टी आहे, तिथे चोपडायचं विसरले. का विसरले, तर फोन वाजला. कुणाचा? त्या दस्तेवाल्या पोराचा. माझ्या अनुभवाला पाचपैकी किती गुण देते ते विचारायला.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले, ओढलं. रायफल आणि दस्ता एकजीव. मी ओढलं, लुसिलनं दुसरं टोक धरून ओढलं. लुसिल मागच्या मागे पडली. रायफल हलली नाही.

तुला लिहून कार्ड येईपर्यंत आठवडा गेला असता, म्हणून मी ब्रिनला फोन केला. ती हेलेनात अँब्युलन्सवर असते, तिला अशा वेळी काय करायचं ते कळत असेल असं वाटलं. ती इतकी हसली की बाजूच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं. मग म्हणाली, "डॅडना विचारते, थांब." तासाभरानं तिचा निरोप. 'डॅड म्हणतात, एक दिवस फ्रीझरमध्ये ठेव. मग बाहेर काढून लाकडी हातोडीनं ठोक. आणि डॅड म्हणतात, तिला मेणाचं सांगितलं होतं.'

ते दुसरं वाक्य पाठवायची काही गरज नव्हती.

फ्रीझरमध्ये ठेवली. मटणाच्या पुड्यांवर आडवी, नळीकडून दारातून थोडी बाहेर येणारी, म्हणून दाराला दोरी. लुसिल माझ्या फ्रीझरमधून गोठलेल्या हकलबेरी उसन्या घ्यायला आली, मला न विचारता दोरी सोडली, आणि रायफल तिच्या पायावर पडली. त्या रायफलपायी तिला हा दुसरा मार. आता ती म्हणते ही रायफल तिच्यामागे लागलीय.

पण निघाली. तीन टोल्यांत, बर्फ तडकावा तसा आवाज करून. थर स्वच्छ आहे. फोटो ब्रिनकडे पाठवलाय.

आता एक गोष्ट लिहिते. या पत्रात लिहिणार नव्हते, पण चाप हातात घेऊन पुसत होते तेव्हा वाटलं लिहावं. त्या चापात काही बिघाड नाही. सेफ्टीतही नाही. मी शंभर वेळा सरकवून बघितली. तू केलेलं काम आहे तसं आहे.

एवढंच. जास्त विचारू नकोस.

आर्डिस

◆

९ सप्टेंबर

रॉइस,

तू विचारलं नाहीस. कार्डावर फक्त 'स्क्रू एका वेळी थोडेथोडे आवळ, आलटूनपालटून' असं आलं. तू विचारलं असतंस तर मी चिडले असते. नाही विचारलंस म्हणून त्याहून जास्त चिडलेय.

काल ब्रिन आली होती. आम्ही दोघी खडीच्या जुन्या खाणीवर रायफल घेऊन गेलो. तुझी पोरगी नेम चांगला धरते. वीस गोळ्या झाडल्या, सगळ्या माझ्या पंज्याएवढ्या जागेत. मॅगझिन लावतेय, काढतेय, बोल्ट उघडून नळीत बोट घालून बघतेय, मग मला दाखवतेय, मगच खाली ठेवतेय. दर वेळी. एकदाही चुकली नाही.

मग रायफल रिकामी करून तिनं माझ्या हातात दिली. म्हणाली, "आत्या, त्या दिवशी नक्की कसं झालं ते करून दाखव. कुठे उभी होतीस, हात कुठे होता. मला डोळ्यांनी बघायचंय, म्हणजे माझ्याकडून तसं होणार नाही."

मी गाडीच्या मागे उभी राहिले. रायफल धरली. तोंड उघडलं आणि जे अकरा वर्षं सांगत आलेय तेच सांगायला लागले, की सेफ्टी सरकवली आणि... ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. ती मुलगी रोज माणसांना तुटलेल्या गाड्यांतून बाहेर काढते, रॉइस. खोटं बोलणारा माणूस तिला लांबून दिसतो.

मी तिला खरं सांगितलं. आता तुला सांगते.

मी चार गोळ्या भरल्या होत्या. तू गाडीच्या कडेला पाठमोरा उभा राहून दोर बांधत होतास. मी बोल्ट ओढून चार गोळ्या बाहेर काढल्या. मोजल्या. चार बर्फात पडलेल्या दिसत होत्या. रिकामी झाली असं समजून बोल्ट बंद केला, आणि बाबांनी लावलेली सवय, रिकाम्या रायफलचा चाप ओढून ठेवायचा, तसा ओढला. नळीत बघितलं नाही. तोंड कुठे आहे ते बघितलं नाही. हातमोजा होता, घाई होती, पाय गारठले होते, काही कारण नाही. ती आपोआप उडाली नाही. मी उडवली.

तू खाली पडलास. मी माझा पट्टा तुझ्या मांडीला आवळत होते तेव्हा वनखात्याचा माणूस आला आणि त्यानं विचारलं, "कशी उडाली?" माझ्या तोंडून निघालं, "सेफ्टी सरकवली आणि उडाली." त्यानं वहीत लिहिलं. मग विचारलं, "चापाचं काम अलीकडे कुणी केलं होतं का?"

आणि मी म्हटलं, "रॉइसनं. गेल्या महिन्यात."

तू शुद्धीत होतास. तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं.

नंतर ते निस्तरायला मला अकरा वर्षं होती. तुझी गिऱ्हाइकं एकेक करून ऑस्टबीकडे गेली तेव्हा होती. तू दुकानाची यंत्रं विकलीस तेव्हा होती. तुम्ही स्पोकेनला सामान हलवत होतात, तू गाडीत बसलेला, तेव्हा मी रस्त्याच्या या बाजूला उभी होते. प्रत्येक वेळी वाटलं, आता एवढा उशीर झाला, आता सांगून काय. दुसऱ्या वर्षीही उशीरच वाटला होता.

ब्रिन अर्धा तास गाडीत काच वर करून बसली. मग खाली करून म्हणाली, "मी डॅडना सांगणार नाही. तू लिही. आणि फक्त त्यांनाच नाही."

म्हणून आज सकाळी मी पर्लकडे गेले. ऑस्टबी होता, दोघे हॅल्व्हर्सन भाऊ होते, लुसिल तर असतेच. मी उभ्यानंच सांगितलं. रॉइसचा चाप बरोबर होता. चाप मी ओढला. वनखात्याला मी खोटं सांगितलं. ऐकू आलं ना सगळ्यांना?

थोरला हॅल्व्हर्सन म्हणाला, "अकरा वर्षांनी सुचलं?" मी म्हटलं, हो. ऑस्टबी ताटली बाजूला सारून म्हणाला, "आर्डिस, मी त्याच्या गिऱ्हाइकांना घरी जाऊन सांगून आलो होतो गं, त्याच्याकडे देऊ नका म्हणून." त्याचा चेहरा बघवेना. पर्लनं मला कॉफी दिली नाही. मी मागितलीही नाही.

आता कार्ड पाठवायचं असेल तर पाठव, नसेल तर नको. स्क्रू आवळले आहेत, आलटूनपालटून.

आर्डिस

◆

२ ऑक्टोबर

रॉइस,

तुझं पत्र आलं. सात पानं! दोन्ही बाजूंनी! मी खुश होऊन खुर्चीत बसले, चष्मा लावला. तिसऱ्या पानावर उभी राहिले. पाचव्या पानावर पत्र टेबलावर आपटून अंगणात गेले आणि अर्धा ढीग लाकडं फोडली. या वयात. खांदा धरलाय. तोही तुझ्याच खात्यावर.

तुझेच शब्द तुला वाचून दाखवते, कारण ते कसे वाटतात ते तुला कळलेलं दिसत नाही. 'तू झाडीत गेली होतीस. माझी रायफल गाडीत होती, तुझी बाहेर टेकलेली. ओढ्यापलीकडे कायोटी कोल्हा दिसला. आपल्या दोघांच्या गोळ्या एकाच मापाच्या, म्हणून खिशातली एक काढून तुझ्या रायफलच्या नळीत घातली. नेम धरेपर्यंत कायोटी पळाला. तू परत आलीस तेव्हा मी कॉफी ओतत होतो. सांगायचं राहिलं.'

सांगायचं राहिलं! वाणसामानाच्या यादीत मीठ राहतं, रॉइस! सांगायचं राहिलं!

म्हणजे तिच्यात पाच होत्या. मी चार भरल्या, चार मोजल्या, चार काढल्या, आणि पाचवी तुझी. ती तू अकरा वर्षं पोटात ठेवलीस. का, तर तुझंच उत्तर : 'तू चापाचं नाव घेतलंस तेव्हा मला राग आला, पण मला वाटलं गोळी माझी आहे तर शिक्षाही माझीच.' वा. मी तुझ्यावर खोटं ढकललं आणि तू ते गुपचूप उचलून घेतलंस, आणि मग दोघं आपापल्या घरी तोंड शिवून बसलो. आईबापांनी दोन मुलं वाढवली का दोन खेचरं?

तुला माहीत नाही असं एक सांगते. मी बस का सोडली? सगळ्यांना सांगितलं, पाठ दुखते. माझ्या पाठीला काही झालेलं नाही. माझ्या बसमध्ये चौतीस मुलं होती. शाळेशी उतरली की मोजायची, संध्याकाळी चढली की मोजायची. त्या नोव्हेंबरनंतर मी दोनदा मोजायला लागले. मग पाचदा. मुलं थंडीत रांगेत उभी आणि मी पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक लहान मुलगी म्हणाली, "मिस आर्डिस, आम्ही तेवढेच आहोत, खरंच." त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. जिला चारपर्यंत मोजता येत नाही आणि त्यापायी भावाचा पाय अधू होतो, तिच्या ताब्यात लोकांची मुलं कशी द्यायची?

आणि मी बरोबर मोजलं होतं!

चाप मी ओढला ते ओढलाच. नळीत बघितलं नाही ते नाहीच. खोटं बोलले ते तर तुझ्या गोळीनं बोलायला लावलं नाही. यातलं काहीही मी तुझ्यावर टाकत नाही. पण माझं मोजणं तेवढं तू मला परत द्यायला हवं होतंस. एका कार्डावर मावलं असतं. तुला तीन वाक्यं पुरतात, हे तर आता सिद्ध झालंय.

मला तुझ्यावर ओरडायचंय आणि कागदावर ओरडता येत नाही. एकवीस तारखेला शिकार उघडते. ब्रिन वीसला इथे येतेय. तूही ये. पाठीमागची खोली झाडून ठेवते. येणार नसलास तर कळवू नकोस, मला ते वाचायचं नाही.

आर्डिस

◆

३ नोव्हेंबर

रॉइस,

नीट पोचलास हे जोआनकडून कळलं. तू कळवशील अशी आशा मी मुळीच ठेवली नव्हती.

तुझ्या वाटचं मटण पुड्यांत बांधून ब्रिनबरोबर पाठवलंय. पाठीचा चांगला भाग तुमच्याकडे आहे, मानेचा मी ठेवलाय, सॉसेज दोघांचे. ब्रिन अजून फोनवर सगळ्यांना सांगतेय की तिसऱ्या दिवशी कडा उतरताना तो एल्क कसा तिरका उभा राहिला, एकाच गोळीत कसा आडवा झाला. प्रत्येक वेळी शिंगं थोडी वाढतात. खाली येऊन तिनं मॅगझिन काढलं, बोल्ट उघडला, आणि आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे बोल्टची उघडी बाजू करून नळीत बघायला लावलं. आपण दोघंही वाकून बघत बसलो. मला वाटतं तू जास्त वेळ बघितलंस.

आता तक्रारी.

एक. माझ्या चार महिन्यांच्या कामाला तू आल्या दिवशी हात लावलास. 'खिटी जरा घट्ट आहे' म्हणालास, माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळं सोडवलंस, तू खिशातून आणलेल्या कानशीपुढे माझी कानस कशी भोथरी आहे ते सांगितलंस, आणि चाळीस मिनिटांत जुळवून दिलंस. मॅगझिन आता बोटानं सुटतं हे मला मान्य आहे. पण 'चांगलं बसवलंयस' एवढे दोन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. ते तू ब्रिनला सांगितलंस, मी अंगणात असताना. तिनं मला सांगितलं. ते मोजलं जाणार नाही.

दोन. मी ओरडणार होते ते तू मला धड ओरडू दिलं नाहीस. मी सुरू केलं आणि तू मान खाली घालून ऐकत बसलास. मान खाली घातलेल्या माणसावर किती वेळ ओरडणार? मग तू तुझं सुरू केलंस, दुकानाचं, यंत्रांचं, कुलपांच्या दुकानात स्टुलावर बसून दिवस काढण्याचं, आणि मी मान खाली घातली, तर तूही थांबलास. आपल्याला भांडताही येत नाही नीट.

तीन. ऑस्टबी तुला भेटायला आला तेव्हा तू त्याला म्हणालास, 'जाऊ दे ग्लेन, झालं ते झालं.' तो तासभर रडला. त्याला सात मिनिटांत माफ केलंस. मला मात्र अजून 'बघू' वर ठेवलंयस. ठेव. मीही तुला 'बघू' वरच ठेवलंय. नाताळला तुमच्याकडे येईन तेव्हा दोघं बघू. गाडी मीच चालवणार आहे, बर्फ असला तरी. जोआनला सांग, मागची खोली.

चार. जाताना गाडीत बसता बसता तू म्हणालास, 'आलो त्या दिवशी दार किती वेळ वाजवत होतो, बहिरी झालीस का?' ब्रिन हसली, मीही हसले, आणि तुम्ही गेलात. त्याचं उत्तर राहिलं, ते आता लिहिते.

मी बहिरी झालेली नाही. तुझी गाडी वळली तेव्हापासून मी सिंकपाशी खिडकीत उभी होते. तू दार उघडून खाली उतरलास. अकरा वर्षं मी तुला डोळ्यांपुढे फक्त बर्फात आडवा पडलेला बघितलं होतं. त्यानंतर तुला चालताना मी कधी बघितलंच नव्हतं. लंगडतोस, एवढं ब्रिननं सांगितलं होतं. पण आधी डावा पाय बाहेरून गोल फेकतोस, मग कमरेतून सगळं अंग त्याच्यामागे ओढून आणतोस, आणि पायरी आली की कठड्याला धरून क्षणभर थांबतोस, जणू पायरीला विचारतोयस, हे कुणी सांगितलं नव्हतं. हातात माझ्यासाठी आणलेली लिपस्टिकची पिशवी होती, ती तू दातात धरलीस, कारण कठडा धरायला हात मोकळा हवा होता.

तू दार वाजवलंस. मी तोंडावर पाणी मारायला नळ सोडला. तू पुन्हा वाजवलंस. मी टॉवेल तोंडावर दाबून धरला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग तू ओरडलास, "आर्डिस, गारठलो ना मी!"

म्हणून वेळ लागला.

तुझी बहीण,
आर्डिस